मागच्या चाकांचा विचार

जयपूर शहराच्या वायव्येस मुरलीपुरा नावाची वस्ती आहे. तिच्या एका अंगाने सीकरचा हमरस्ता जातो आणि शेजारीच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कारखाने लागतात. या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर मालाने भरलेल्या ट्रक-ट्रेलरांची रांग डोळ्यांसमोरून सरकताना दिसते. पंजाबातील संगरूरहून निघून हिसार आणि सीकर या गावांवरून येणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ होय. जयपूर सोडल्यावर टोंक, कोटा, इंदूर, सेंधवा अशी मजल करीत तो धुळ्याला महाराष्ट्रात स्थिरावतो आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर या मार्गाने कर्नाटकात उतरतो. म्हणजे मुरलीपुऱ्याच्या वेशीवरचा रस्ता आणि आपल्या बीडच्या वेशीवरचा रस्ता हा एकच रस्ता आहे. त्यावरून धावणाऱ्या अवजड गाड्यांचे शहाणपण आणि चुकाही दोन्हीकडे सारख्याच.

या गाड्यांकडे पाहताना आपली नजर साहजिकच इंजिनाकडे, चालकाकडे आणि वर रचलेल्या मालाकडे जाते. परंतु मागे जोडलेला ट्रेलर सरळ रेषेत राहतो की शेपटी हलवीत जातो, हे जेथे ठरते ती जागा फार खाली आणि फार लहान असते. तीन टन भार घेतलेल्या एका टायरचा रस्त्याशी येणारा संबंध शाळकरी वहीच्या एका पानाएवढ्याच जागेपुरता असतो. अशी दहा-वीस पाने जमिनीला टेकलेली आहेत आणि त्यांवर चाळीस-पन्नास टनांचा डोलारा तासाला साठ किलोमीटर वेगाने चालला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे टायरची निवड हा विषय किती गंभीर आहे ते ध्यानात येईल.

आपल्याकडील जुन्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव बसवीत. धाव टिकाऊ खरी, पण दगडाचा प्रत्येक धक्का ती कण्याला आणि कण्याकडून बैलांच्या मानेला पोचवी. १८४५ मध्ये रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या चाकाचे एकस्व मिळविले. पण त्या काळी ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने शोधून काढली आणि जगभर रूढ केली. आपल्या साखरपट्ट्यात ऊस वाहणारी रबरी चाकांची टायरगाडी आली, ती याच शोधाच्या वंशातली. या शोधाचे मर्म असे की, वाहनाचा भार मुख्यतः टायरमधील कोंडलेली हवा उचलते. रबर, नायलॉनचे धागे आणि पोलादी तारा यांचे काम त्या हवेला आवरून धरण्याचे. म्हणून टायर निवडणे म्हणजे वस्तुतः किती हवा, किती दाबाने आणि किती भक्कम पिशवीत कोंडावयाची हे ठरविणे होय.

आता ट्रेलर डोलतो कशामुळे, ते पाहू. टायर लवचीक असल्यामुळे बाजूने जोर आला की तो किंचित वाकतो आणि चाकाचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेपासून थोडा तिरका सरकत जातो. समजा, समोरून येणाऱ्या बसच्या वाऱ्याने किंवा रस्त्यातील चाकोरीने ट्रेलरची शेपटी थोडी डावीकडे ढकलली गेली. त्याबरोबर त्याचा पुढचा दांडा ओढणाऱ्या गाडीची पिछाडी उजवीकडे रेटतो. ओढणाऱ्या गाडीचे मागचे टायर तेथे खंबीर राहिले, तर हेलकावा तेथेच विरतो. ते लिबलिबीत असले, तर गाडीचे तोंडही फिरते, ट्रेलर मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो आणि झोपाळ्याप्रमाणे झोके सुरू होतात. विशिष्ट वेगाच्या आत हे झोके आपोआप कमी होतात. त्या वेगापलीकडे मात्र प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ज्या ट्रेलरचा पुढचा भार ट्रकच्या पाठीवरच टेकलेला असतो, त्याला हा धोका कमी. ज्याला केवळ दांड्याने मागे अडकविलेले असते, त्याला तो अधिक. दोन्ही प्रकारांत टायर जितके ताठ, तितकी ही मर्यादा दूर जाते.

निवडीची पहिली कसोटी म्हणजे टायरची भार सोसण्याची क्षमता. ती टायरच्या अंगावरच छापलेली असते. वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच जण घेतात. आपल्या ट्रकांवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या १०.०० आर २० या मापाच्या टायरवर पुष्कळदा १४६/१४३ के अशी खूण आढळते. हे आकडे म्हणजे किलोग्रॅम नव्हेत. ते एका आंतरराष्ट्रीय तक्त्यातील क्रमांक आहेत. १४६ म्हणजे टायर एकटा असता ३,००० किलो. १४३ म्हणजे जोडीने बसविला असता प्रत्येकी २,७२५ किलो. आणि ‘के’ म्हणजे हा भार ताशी ११० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आहे.

आता एक साधा हिशेब करू. चार टायरांच्या एका ॲक्सलवर असे टायर बसविले, तर त्यांची एकूण क्षमता १०,९०० किलो होते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये भाराच्या मर्यादा वाढविल्या, तेव्हा अशा ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. म्हणजे कायद्याने मान्य केलेला पूर्ण भार घातला, तर हे टायर ६०० किलोंनी तोकडे पडतात. त्याच मापात १४९/१४६ या खुणेचा टायर घेतला, तर जोडीतील क्षमता प्रत्येकी ३,००० आणि चौघांची मिळून १२,००० किलो होते व हिशेब जुळतो. दुकानात दोन्ही टायर शेजारी शेजारी उभे असतील, दिसण्यात फरकही नसेल. परंतु एक त्या भाराला पुरणारा आणि दुसरा न पुरणारा. गाडीला रस्त्यावर परवानगी आहे, एवढ्यावरून तिच्या टायरला तो भार झेपतो असे मात्र ठरत नाही, हे मालकाने मनाशी पक्के धरले पाहिजे.

दुसरी कसोटी बांधणीची. जुन्या पद्धतीच्या टायरमधील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदीत जातात. बाजारात त्यांना नायलॉन टायर म्हणतात. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये एकस्व घेतलेल्या रेडियल टायरमध्ये धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळव्याखाली पोलादी पट्टे असतात. रेडियल टायरचा तळवा रस्त्यावर सपाट बसतो आणि तो कमी तापतो. म्हणून लांब पल्ल्याच्या महामार्गावर तो सरस ठरतो. खडबडीत, दगडधोंड्यांच्या वाटेवर आणि हळू चालणाऱ्या ट्रॉलीला नायलॉनची जाड कूस अजूनही उपयोगी पडते. मात्र एकाच ॲक्सलवर हे दोन प्रकार कधीही एकत्र करू नयेत. बाजूचा जोर आला असता दोघे वेगवेगळ्या मानाने वाकतात आणि गाडीचा सरळपणा तेथेच बिघडतो.

नक्षीचाही येथे संबंध येतो. उंच, सुटे ठोकळे असलेला, ज्याला चालक बटण टायर म्हणतात, तो चिखलात उत्तम पकड देतो. डांबरी रस्त्यावर मात्र ते ठोकळे स्वतःच डुलतात. म्हणून डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांना आणि ट्रेलरला सरळ रेघांची नक्षी, तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद पोचते त्यांना पकडीची नक्षी, ही वाटणी योग्य होय. लहान पिकअप गाडीमागे ट्रेलर जोडणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मोटारीचे मऊ कुशीचे टायर बसण्यास सुखाचे असतात. पण ट्रेलर ओढण्यास मालवाहू गाडीसाठी बनविलेले, जाड कुशीचे टायरच घ्यावेत.

तिसरी गोष्ट हवेच्या दाबाची, आणि ती सर्वांत स्वस्त असूनही सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ट्रकच्या टायरमध्ये दर चौरस इंचास शंभर पौंडांहून अधिक दाब लागतो. तो कमी पडला की टायरची कूस प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडते, दुमडण्याने तापते आणि शेवटी आतल्या थरांची ताटातूट होऊन फुटते. जोडीतील एका टायरची हवा उतरली, तर त्याचा भार मुकाट्याने शेजाऱ्यावर जातो. एकाचा दोष आणि दोघांचा नाश, अशी गत होते. दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे प्रवासाला निघण्यापूर्वी मोजावा. राजस्थानच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात काही चालक वाटेत थांबून तापलेल्या टायरची थोडी हवा सोडतात. हेतू चांगला असला, तरी परिणाम उलटा होतो. तापल्यावर दाब वाढणे हे स्वाभाविकच आहे. ती हवा सोडली, की टायर गरजेपेक्षा रिता राहतो आणि अधिकच तापू लागतो. सेंधव्याच्या पुढे बिजासनसारखा लांब उतार उतरताना तर ब्रेकची उष्णताही चाकातून टायरकडे येते. अशा वेळी अगोदरच थकलेला टायर दगा देतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच केला, तिच्याकडे वळतो. आपल्याकडे टायरांचाही एक उतरता संसार असतो. नवा टायर प्रथम पुढच्या चाकाला लागतो. झिजला की मागे जातो. आणखी झिजला की रबर चढवून पुन्हा मागेच येतो. अगदी गोटा झाला, की त्याची रवानगी ट्रेलरला किंवा शेतावरच्या ट्रॉलीला होते. सुकाणूच्या चाकांना उत्तम टायर द्यावेत यात वाद नाही. तेथे रबर चढविलेला टायर नसावाच. परंतु ‘ट्रेलर काय, नुसता मागे यायचा’ हा समज घातक आहे. नियमाने ट्रकच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. शिवाय टायरच्या कुशीवर चार आकडी खूण असते. ३४२३ असे लिहिले असेल, तर तो २०२३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या टायरची नक्षी शाबूत असूनही रबर तडकलेले असते. म्हणून केवळ नक्षी पाहून समाधान मानू नये.

हे सारे कोणासाठी पाहावयाचे, याचे उत्तर त्याच ५२ क्रमांकाच्या रस्त्यावर मिळते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयते, भांडीकुंडी, धान्याची पोती आणि त्यांवर बसलेली बायकामुले, असे अख्खे घर ट्रकवर किंवा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर चढते. माल वाहण्याच्या गाडीत माणसे बसवू नयेत, हे खरेच. पण ती बसतात. आणि मग गळितास आलेला ऊस एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांमधून कारखान्याकडे जाऊ लागतो. दुसऱ्या ट्रॉलीच्या गोटा झालेल्या टायरची किंमत मालकाच्या वहीत काहीच नसते. तो फुटून ट्रॉली कलंडली, तर त्या वहीत न मावणारी किंमत वर बसलेल्यांना किंवा शेजारून जाणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वाराला द्यावी लागते.

टायर कितीही उत्तम असला, तरी भार चुकीचा रचला तर त्याचे काही चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या गाडीवानांना हे शास्त्र पूर्वापार ठाऊक होते. मागे ओझे झाले की गाडी उलळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे ओझे झाले की मान दबते. म्हणून गाडीवान भार कण्याच्या किंचित पुढे ठेवी. दांड्याने जोडलेल्या ट्रेलरचाही नियम हाच. जड वस्तू खाली आणि कण्याच्या जरा पुढे असाव्यात; मागे ओझे झालेला ट्रेलर हमखास डोलतो. इतके करूनही ट्रेलर डोलू लागलाच, तर सुकाणू उलटसुलट फिरवून त्याला आवरू पाहू नये आणि एकदम ब्रेकही दाबू नये. सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. वेग उतरला की झोकेही उतरतात.

श्रोतेहो, यातले काहीच अवघड नाही. टायरच्या अंगावरचे आकडे वाचून भाराशी ताडून पाहणे, निघण्यापूर्वी प्रत्येक चाकाची हवा मोजणे आणि मागच्या चाकांना पुढच्यांचे उष्टे न देणे, एवढी तीन कामे. मुरलीपुऱ्याहून निघालेल्या कंटेनरलाही ती लागू आहेत आणि वडवणी-धारूरकडून निघालेल्या ट्रॉलीलाही. चालकाला आरशात ट्रेलरची मागची चाके धड दिसत नाहीत. म्हणूनच गाडीवर चढण्यापूर्वी खाली उतरून, वाकून, एकवार तीच आधी पाहावीत.