दिवाण न्यायासनावर

बडोद्याच्या रेसिडेन्सीत ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फेरफटका मारून परतले. पपनसाच्या सरबताचा पेला नेहमीप्रमाणे तयार होता. दोन-तीन घोट घेतले आणि त्यांना कसेतरी होऊ लागले. उरलेले सरबत त्यांनी बाहेर भिरकावले, तेव्हा पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांना आणि नंतर मुंबईच्या रासायनिक तपासनिसांना त्यात सोमल सापडला. हिऱ्याची भुकटीही होती, असे सांगण्यात आले. संशय गेला थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर, कारण त्यांचे आणि फेअरसाहेबांचे हाडवैर सगळ्या बडोद्याला ठाऊक होते.

पण तहाने बांधलेल्या राजावर खटला चालवायचा कुठल्या कोर्टात? असे कोर्टच नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी तोड काढली. सहा जणांचे कमिशन, तीन इंग्रज आणि तीन देशी. अध्यक्ष कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच, सोबत सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल. देशी बाजूला जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे चक्क दोघे : महाराज जयाजीराव शिंदे आणि त्यांचे एकेकाळचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे.

दिनकररावांचा जन्म १८१९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घराणे शिंद्यांच्या चाकरीत, म्हणून पंधराव्या वर्षी तेही दरबारात रुजू झाले. पुढे दिवाण झाल्यावर त्यांनी जाचक कर उठवले, पगार कापले (स्वतःचाही) आणि तुटीतला खजिना शिलकीत आणला. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि झाशीची राणी चालून आली, शिंद्यांची फौज फिरली, तेव्हा महाराजांना घेऊन ते आग्र्याच्या किल्ल्यात गेले. इंग्रजांची बाजू त्यांनी कधीच सोडली नाही. त्याची परतफेड जहागीर, किताब आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातली जागा अशी झाली. इंग्रजी मात्र ते चाळिशीत शिकू लागले आणि अस्खलित बोलणे त्यांना अखेरपर्यंत जमले नाही. कायद्याचे रीतसर शिक्षण तर नव्हतेच. आयुष्यभर केला तो कारभार, आणि शिंदे व इंग्रज यांच्यात मध्यस्थी. शेजारच्या खुर्चीतले मीडही ग्वाल्हेर प्रांताला चांगले परिचित होते : १८५९ मध्ये तात्या टोपेंना पकडले ते त्यांनीच.

२३ फेब्रुवारी १८७५ ला काम सुरू झाले. मल्हाररावांच्या वतीने लंडनचे नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन उभे राहिले. सरकारची सारी भिस्त रेसिडेन्सीतल्या नोकरांवर होती. हवालदार रावजी म्हणाला, पूड मीच सरबतात टाकली. त्याला माफीचे वचन मिळाले होते. महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंतही असाच फुटलेला. आणि रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती मुंबईहून आलेल्या पोलिसाला! बॅलंटाइननी नेमके तिथेच बोट ठेवले : पुडी आधीपासून होती, की कोणी ठेवली?

मार्चअखेर सहाजणांची मते सरकारकडे गेली. तिन्ही इंग्रजांनी गायकवाडांना दोषी धरले. रामसिंहांना त्यांचा विषप्रयोगाशी संबंध दिसला नाही. शिंदे आणि दिनकरराव यांच्या मते मुख्य आरोप सिद्ध झालेला नव्हता. तीन विरुद्ध तीन, आणि तेही कातडीच्या रंगाप्रमाणे. या फाटाफुटीत जयाजीरावांचे मत सर्वांत महागडे म्हटले पाहिजे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर तेव्हा इंग्रजांचे ठाणे होते आणि किल्ला परत मिळावा ही त्यांची मोठी आस होती. तो मिळाला १८८६ मध्ये.

सरकारने काय केले? कमिशनच्या निष्कर्षावर विसंबलोच नाही असे जाहीर करून एप्रिलमध्ये गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला धाडले. १८८२ मध्ये ते तिथेच वारले. गादीवर आला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा, पुढचे सयाजीराव. विषाचा खटला तसा अधांतरीच राहिला.

राज्यकर्त्यावर खटला कोणी चालवायचा आणि मुत्सद्द्याने न्याय करावा का, हे दोन्ही प्रश्न आपल्या काळात हेगला जाऊन बसले आहेत. तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया असलेल्या रोम कराराने न्यायाधीशांच्या दोन याद्या ठेवल्या आहेत : एक फौजदारी कायद्याच्या जाणकारांची, दुसरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या. दुसऱ्या यादीतून न्यायालयात कधीही न बसलेला माणूस निवडून येऊ शकतो. जपानच्या फुमिको साइगा या राजदूत महिला २००७ मध्ये अशाच आल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी कुनिको ओझाकी निवडून आल्या, त्याही परराष्ट्र खात्यातल्याच. पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयात त्यांनी करारांचा विभाग सांभाळला होता.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये केनियाचे अध्यक्ष उहुरू केन्याटा हेगच्या कोर्टात हजर झाले. पदावरचा राष्ट्रप्रमुख या न्यायालयासमोर येण्याची ही पहिलीच वेळ. पीठाच्या अध्यक्षस्थानी ओझाकी होत्या. पुरावा पुरेसा नाही म्हणून डिसेंबरमध्ये अभियोक्त्यांनी आरोप मागे घेतले. इथेही घोडे पेंड खात होते ते साक्षीपुराव्यापाशीच.

अडचण आली २०१९ मध्ये. ओझाकींची मुदत संपली होती, पण काँगोतला बंडखोर सेनानी बॉस्को एन्टागांडा याच्या खटल्याचा निकाल लिहायचा राहिला होता. त्यांनी अर्धवेळ न्यायाधीश राहून एस्टोनियात जपानच्या राजदूतपदावर जायचे ठरवले आणि सहकारी न्यायाधीशांनी बहुमताने ते मान्यही केले. आरोपीचे वकील मात्र उसळले : सरकारचा हुकूम पाळणारा राजदूत स्वतंत्र न्यायाधीश कसा? ओझाकींनी राजदूतपद सोडले. आक्षेप फेटाळला गेला, जुलैमध्ये एन्टागांडा दोषी ठरला आणि पुढे त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली.

आक्षेप निराधार होता असे म्हणवत नाही. न्यायाधीशबाई एका हाताने निकाल लिहिणार आणि दुसऱ्या हाताने टोकियोला अहवाल पाठवणार, हे सहकाऱ्यांना खटकायला हवे होते. दिनकररावांकडे तर सरकारने दिलेली जहागीर होती आणि त्यांना कमिशनवर बसवणारेही तेच सरकार. पण त्यांच्या मताची शहानिशा करायला वरचे कोर्ट नव्हते. एन्टागांडाच्या वकिलांनी हा मुद्दा अपिलातही लढवला. २०२१ मध्ये अपील पीठाने तो फेटाळून शिक्षा कायम केली.