खळ्याच्या कडेला झिनिया

मिरगाचा पहिला पाऊस पडला की कोकणातल्या बाईचा हात आपसूक बियांच्या पुरचुंडीकडे जातो. पडवळ, दोडकी, काकडी, भेंडी, सगळं तेव्हाच मातीत जायला हवं. त्याच घाईत झिनियाचं पाकीटही फोडलं जातं. आठवड्याभरात रोपं वर येतात, बघून जीव सुखावतो. आषाढाच्या झडीत मात्र ती माना टाकतात. मग घरात बोलणं सुरू होतं, "आपल्या मालवणात ही फुलं व्हायची नाहीत. ती घाटावरच्यांनी लावावीत."

मैत्रिणींनो, होतात! चांगली हातभर उंच होतात आणि दोन-दोन महिने फुलतात. फक्त मिरगात पेरायची नाहीत, एवढंच.

झिनियाचं माहेर मेक्सिको. तिथलं कोरडं ऊन तिच्या अंगी मुरलेलं. नाव मात्र मिळालं जर्मनीतल्या योहान गॉटफ्रीड झिन या प्राध्यापकाचं. हा गृहस्थ डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहून 1759 साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. डोळ्यांच्या अभ्यासकाचं नाव इतक्या डोळ्यांत भरणाऱ्या फुलाला मिळावं, हाही योगायोगच! असो. सांगायचं एवढंच की ऊन आवडणारं हे झाड, आणि आपल्या जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीनं शंभर इंचांहून जास्त पाऊस. मुळाशी पाणी साचतं, पानांवर बुरशी चढते, मग दोष कुणाचा?

तेव्हा कोकणातला झिनियाचा मुहूर्त म्हणजे नवरात्राच्या आसपासचा. हस्ताचा पाऊस ओसरला, खळं चोपून सारवायची वेळ आली, की खळ्याच्या कडेनंच वाफा करावा. पण सगळं बी एकदम पेरू नका हं. परतीचा पाऊस भरवशाचा नसतो. 2019 साली ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळानं आपल्या किनाऱ्याला झोडपलं होतं, ते आठवत असेल. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा थोडं थोडं पेरलं तर एक खेप गेली तरी दोन उरतात, शिवाय फुलंही पुढेपर्यंत मिळतात.

जागा निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. माडा-पोफळीच्या सावलीत झिनिया नुसती लांबडी वाढते, तिला दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. आणि समुद्र जवळ असेल तर घराच्या पूर्वेच्या अंगाला लावावी, म्हणजे पश्चिमेचं खारं वारं भिंत अडवते. देवबाग-तारकर्लीसारख्या रेताड जमिनीत पाणी ठरत नाही, तिथे कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळावं. आतल्या बाजूच्या जांभ्याच्या लाल मातीत शेणखताबरोबर चुलीतली मूठभर राख घालावी. खताचा अतिरेक नको. फार पोसलेलं झाड पानंच दाखवतं.

बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टाकून वर भुरभुरीत माती पसरावी. चार ते सात दिवसांत अंकुर दिसतात. हिला जागा बदललेली फारशी मानवत नाही, म्हणून जिथल्या तिथे पेरलेलं बरं. कोंबड्या उकरून टाकतील अशी भीती असेल तर तळाला भोक पाडलेल्या करवंट्यांत पेरून, चार पानांवर आलेलं रोप मातीच्या गड्ड्यासकट हलकेच लावावं, आणि भोवती माडाच्या चुडतांचं कुंपण घालावं.

आता खरं मन घट्ट करायचं काम. दाट उगवलेली रोपं उपटून दोन रोपांत निदान एक फूट अंतर ठेवायचं. जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या दमट हवेत दोन झाडांमधून वारा खेळला नाही तर पानांवर पांढरी भुरी धरलीच म्हणून समजा. रोप वीतभर झालं की शेंडाही खुडावा. एकाच्या जागी चार फांद्या फुटतात.

पाण्याची कथा तर अंतराळापर्यंत पोचलेली आहे! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया वाढवली होती. 2015 च्या अखेरीस तिथेही दमटपणानं पानांना बुरशी धरली. तेव्हा स्कॉट केली या अंतराळवीरानं खराब पानं कापली, पंख्यानं हवा खेळवली आणि ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपाकडे बघून पाणी द्यायला घेतलं. 2016 च्या जानेवारीत तिथे नारिंगी फूल उमललं. आपल्याला तर बोट मातीत खुपसून बघायचं, एवढंच. कोरडं लागलं तर सकाळी बुंध्याशी पाणी द्यावं, पानांवरून तांब्या ओतू नये. ताजी मासळी धुतलेलं पाणी घालायला हरकत नाही, मिठातल्या माशांचं मात्र नको. भुरी दिसलीच तर ती पानं काढून टाकावीत आणि एक वाटी दुधात नऊ वाट्या पाणी मिसळून उन्हाच्या वेळी शिंपडावं. सुरुवातीलाच केलं तर काही अंशी आळा बसतो.

दोन महिन्यांत, म्हणजे जत्रांच्या दिवसांत, गावाला चाकरमानी येऊ लागतात तेव्हा खळ्याच्या कडेला लाल, गुलाबी, पिवळे, नारिंगी रंग उभे असतात. "वास नाही, मग काय उपयोग?" असं नाक मुरडणारं घरात कुणीतरी असतंच. वासाला सुरंगी आणि बकुळ आहेतच की. झिनिया आहे ती फुलपाखरांसाठी आणि फुलदाणीसाठी. दांडी खालून धरून हलकेच हलवा. फूल लटपटलं तर अजून कोवळं आहे, ताठ राहिलं तर कापा. पाण्यात बुडणारी पानं काढून रोज पाणी बदललं तर आठवडाभर सहज टिकतं. आणि जितकी कापाल तितकी नवी फुलं येतात, तेव्हा कंजूषपणा नको.

मार्चपासून किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मचूळ व्हायला लागतात. तोवर झिनियाचा बहर ओसरलेला असतो, त्यामुळे प्यायच्या पाण्यात वाटेकरी होत नाही. शेवटची पाच-सहा चांगली फुलं झाडावरच वाळू द्यावीत. तपकिरी झालेल्या पाकळ्यांच्या बुडाशी बी असतं. ते सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावं, सोबत भाजलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी टाकावी, नाहीतर पावसाळ्यात बी सादळलंच. संकरित जातीच्या बियांतून पुढच्या वर्षी तेच फूल येईल असं नाही, साध्या जातीचं मात्र फारसं बदलत नाही. बाटलीवर वर्ष लिहून ठेवा, आणि मिरगात ती कुणाच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.