पुठ्ठ्यावरचे नटनटी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नटनट्यांची छायाचित्रं मुख्यतः दोन मापांत सापडतात. पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पेटंट घेतलेलं कार्त द व्हिझीत साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचं. १८६६ पासून रुळलेलं कॅबिनेट कार्ड १०८ बाय १६५ मिलिमीटरचं. दिस्देरीच्या युक्तीमुळे एकाच काचेवर आठ प्रतिमा उठत, प्रत स्वस्त पडे आणि आवडत्या नटीचं चित्र सामान्य प्रेक्षकालाही घेता येई.

कागदावर मीठ घातलेला अंड्याचा पांढरा बलक चढवत, मग तो कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवत आणि निगेटिव्हखाली ठेवून उन्हात छापत. हा पातळ कागद गुंडाळला जाई, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. काळ ठरवताना हाच पुठ्ठा उपयोगी पडतो. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे बहुधा १८६० च्या दशकातले. जाड पुठ्ठा, गोल कोपरे नंतरचे. अमेरिकन कार्डामागे कराचं तिकीट असेल तर ते ऑगस्ट १८६४ ते ऑगस्ट १८६६ मधलं.

गॅसदिव्यांच्या उजेडात चालू प्रयोगाचा फोटो निघणं तेव्हा कठीण होतं. म्हणून नट पोशाखासह स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली येत आणि रंगवलेल्या पडद्यापुढे काही सेकंद निश्चल उभे राहत. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. भिंगातून पाहिलं तर त्याचा पाया कधी कधी टाचेमागे दिसतो. पण एवढ्यावरून या चित्रांना बनावट ठरवणं अन्यायाचं आहे. आवेश तेवढा वेळ धरून ठेवणं हाही अभिनयच.

एलेन टेरीने १८८८ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात लेडी मॅकबेथ साकारली. तिच्या हिरव्या झग्यावर भुंगेऱ्यांचे खरे पंख शिवले होते. विंडो अँड ग्रोव्ह या स्टुडिओच्या चित्रात तो हिरवा रंग नाही आणि तिच्या तांबड्या वेण्या काळपट दिसतात, कारण त्या काळच्या साध्या काचा तांबड्या रंगाला जवळजवळ दाद देत नसत. झगा केंटमधल्या स्मॉलहाइथ प्लेसमध्ये जपला आहे.

न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी तर फोटोच्या हक्कापोटी नटांना पैसे मोजी. लेखक ऑस्कर वाइल्डच्या त्याने काढलेल्या चित्रावरून खटला झाला. आसन, पोशाख आणि उजेड यांची मांडणी ही छायाचित्रकाराची स्वतंत्र निर्मिती आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये ठरवलं.

अंड्याच्या बलकाच्या कागदावरल्या चित्राचा पांढरा भाग हळूहळू पिवळतो आणि कडा फिकटतात. काही कार्डांचे कोपरे तिरपे कापलेले असतात. अल्बमच्या खाचेत कार्ड सहज सरकावं म्हणून जुन्या मालकांनी ते कात्रीने कापले. अशा कार्डाला किंमत कमी येते.