किनाऱ्याचे पंचांग

बेंगळुरू शहरातील यशवंतपूर भागात मराठी कुटुंबेही राहतात. कोकणातून तेथे गेलेल्या माणसाने जून-जुलै महिन्यांत बाजारात बांगडा मागितला, तर तो मिळत नाही. मिळालाच तर बर्फात दीर्घकाळ ठेवलेला आणि महाग मिळतो. विक्रेता फार तर एवढेच सांगतो, की सध्या 'बंदी' आहे. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या शहरातील ताटावर परिणाम करणारी ही बंदी कोणती, ती कोणासाठी आहे आणि ती नेमकी याच महिन्यांत का असते, हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला किनाऱ्यावर जावे लागेल.

समुद्रातील मासेमारीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक, मोठ्या यांत्रिक नौका घेऊन अनेक दिवस खोल समुद्रात राहून केलेली मासेमारी. दुसरा, किनारा दृष्टीआड होऊ न देता, खाडीत, खडकांलगत किंवा वाळूवर उभे राहून केलेली मासेमारी. कोकणातील कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी समाजांतील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या दुसऱ्या प्रकारावर जगत आली. खोल समुद्रातील नौका माशांचा पाठलाग करू शकते. किनाऱ्यावरच्या माणसाला मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून तो केव्हा येतो, कोणत्या पाण्याबरोबर येतो आणि किती दिवस थांबतो, याचे ज्ञान हेच त्याचे मुख्य भांडवल होय.

या ज्ञानाचा पहिला भाग ऋतूंचा. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की अरबी समुद्र खवळतो आणि लहान होड्यांना तो धोक्याचा ठरतो. पण हे एकच कारण नाही. याच काळात पश्चिम किनाऱ्याच्या काही भागांत खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. नद्याही गाळ आणि क्षार आणून सोडतात. त्यामुळे सूक्ष्म वनस्पती व जीव झपाट्याने वाढतात आणि माशांच्या पिल्लांना मुबलक खाद्य मिळते. किनाऱ्यालगतच्या अनेक जातींचा प्रजननकाळ म्हणूनच पावसाळ्याच्या आगेमागे येतो. पूर्वी होड्या पावसाळ्यात वाळूवर ओढून झापांनी झाकून ठेवीत आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटीत. माशांच्या विणीचे शास्त्र कोणी लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधी ही विश्रांती रूढ झालेली होती.

यंत्रे आल्यावर मात्र खवळलेल्या समुद्रातही जाणे शक्य झाले आणि रूढीच्या जागी कायदा आणावा लागला. महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये केला. पावसाळी बंदीच्या तारखा पूर्वी राज्याराज्यांत वेगवेगळ्या होत्या. २०१५ पासून संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ ठरला. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून वगळले आहे. ही सवलत योग्यच म्हणावी लागेल. वल्ह्यांवर चालणारी होडी पावसाळ्यात खाडीबाहेर फारशी जाऊच शकत नाही.

पंचांगाचा दुसरा भाग तिथीचा आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राला दिवसातून साधारणतः दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास दोघांचे आकर्षण एका रेषेत पडते आणि पाणी नेहमीपेक्षा अधिक चढते व अधिक उतरते. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हे आकर्षण परस्परांना काटकोनात असते, त्यामुळे चढउतार कमी होतो. ती भांगाची भरती. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरपेक्षाही वर चढते, तर दक्षिणेकडे मालवणपर्यंत जाता जाता हा फरक बराच कमी होतो.

भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ती घड्याळ व तक्ता नसताना कशी काढावी? मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर यासाठी एक तोंडी हिशेब प्रचलित आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले, की ओहोटीची वेळ येते. हा हिशेब अर्थातच स्थूल आहे. पौर्णिमेला गणिताने सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास पूर्ण चढते. पण जाळे केव्हा लावावे आणि केव्हा काढावे एवढे ठरवायला तो पुरेसा आहे, आणि निरक्षर माणसालाही तो बोटांवर करता येतो.

हा हिशेब कशासाठी लागतो, ते उत्तर कोकणातील डोल जाळ्यावरून कळेल. नरसाळ्याच्या आकाराचे हे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी खुंट्यांना किंवा नांगरांना बांधून ठेवतात. ते ओढावे लागत नाही. पाण्याचा वेगच बोंबील, जवळा, कोळंबी त्यात लोटतो. साहजिकच उधाणाच्या जोरदार प्रवाहात डोलीला मासळी अधिक लागते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात व खडकांत स्त्रिया तिसऱ्या, कालवे गोळा करतात. त्यांनाही तिथी पाहूनच घराबाहेर पडावे लागते.

खाडीत गळ टाकणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. दक्षिण कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. गरवणाऱ्याचे लक्ष मोठ्या, शिकारी माशांकडे असते : जिताडा, तांबोसा, रावस. ओहोटी लागली, की कांदळवनातील लहान ओहोळांतून पाणी खाडीत उतरू लागते आणि त्याबरोबर कोळंबी व बारीक मासळीही बाहेर येते. या ओहोळांच्या तोंडाशी शिकारी मासा दबा धरून बसतो. तेथे योग्य वेळी आमिष पोहोचवणे हे गरवणाऱ्याचे कौशल्य. पाणी फार वेगात असेल, तर आमिष जागेवर ठरत नाही. अगदी निवांत असेल, तर मासा बाहेर पडत नाही. म्हणून पाणी फिरण्याच्या आगेमागचा तास-दीड तास तो मोलाचा मानतो.

यांपैकी जिताड्याचा जीवनक्रम विलक्षण आहे. त्याची पिल्ले खाडीत, कांदळवनात आणि गोड्या पाण्यातही वाढतात. मोठा मासा मात्र प्रजननासाठी नदीमुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. बहुतेक जिताडे आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतात आणि पुढे आकार वाढल्यावर त्यांचे मादीत रूपांतर होते. याचा अर्थ असा, की खाडीतील मोठ्यात मोठे जिताडे या बहुधा माद्या असतात. गरवणाऱ्याला सर्वांत अभिमान वाटावा असा मासा हाच खाडीच्या पुढच्या पिढीचा मुख्य आधार. रावसातही असाच बदल आढळतो. लालसर रंगाच्या तांबोशाचे बालपण कांदळवनाच्या मुळांत जाते आणि प्रौढपणी तो खोल पाण्यातील खडकाळ भागाकडे सरकतो. कांदळवन तोडून भराव घातला, तर खाडीतील मासा कमी होतो हे उघडच आहे. पण काही वर्षांनी खोल समुद्रातील तांबोसाही कमी होतो, हे सहसा लक्षात येत नाही. अलिबाग-पेणकडच्या खारपट्ट्यातील लोकांनी जिताड्याची ही सवय फार पूर्वी ओळखली. त्याची पिल्ले गावतळ्यांत सोडून वाढवण्याची तेथील पद्धत जुनी आहे.

मालवण परिसरातील रापण हे किनाऱ्यावरच्या मासेमारीचे सर्वांत देखणे रूप. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळाकार पाण्यात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके वाळूवर उभी असलेली माणसे ओढत आणतात. एका रापणीला कित्येक दहा माणसांचे बळ लागते. मिळालेल्या बांगडा-तारलीची वाटणी ठरलेली असते : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. दोराला हात लावणाऱ्या परक्यालाही सहसा रिकाम्या हाताने पाठवीत नाहीत. रापणीला नफा होतो तो थवा किनाऱ्यापर्यंत आला तरच. थवा वाटेतच कोणी उचलला, तर दोर ओढणाऱ्या सगळ्यांची चूल एकाच दिवशी थंड राहते.

गेल्या पन्नास वर्षांतील संघर्षाचे मूळ येथे आहे. तळ खरवडणारे ट्रॉलर आणि बटव्याच्या नाडीप्रमाणे खालून आवळून संपूर्ण थवा वेढणारी पर्ससीन जाळी आली, तेव्हा गोव्यातील रापणकारांनी १९७० च्या दशकात माथानी साल्दान्हा यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभारले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही तेच घडले. तेथील रापणी जाळी पर्ससीनपुढे टिकली नाहीत. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीतील पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित करण्यात आली. ही हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर आहे. रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये मनाई केली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंडही वाढवण्यात आले. तरीही समुद्रात रेषा आखता येत नाही आणि गस्तीच्या नौका थोड्या असतात, त्यामुळे तक्रारी संपलेल्या नाहीत.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकले. पापलेटाला राज्यमाशाचा मान देण्यात आला आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासे पकडण्यास बंदी घालण्यात आली. गळ टाकणाऱ्याला हा नियम पाळणे सोपे आहे. लहान मासा तो जिवंत सोडू शकतो. बारीक आसाच्या डोलीला मात्र जवळा आणि पापलेटाचे पिल्लू यांतला भेद कळत नाही, आणि जाळे वर येईपर्यंत पिल्लू मेलेले असते. तेथे जाळ्याच्या आसाचा आकार आणि ते लावण्याचा काळ, या दोन्हींचा विचार करावा लागतो.

पावसाळी बंदी ३१ जुलैऐवजी १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, अशी मागणी अनेक पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ऑगस्टच्या आरंभी समुद्र शांत झालेला नसतो आणि त्या दिवसांत मिळणारी मासळी पुरती वाढलेली नसते, असे त्यांचे म्हणणे. यांत्रिक नौकांच्या मालकांपुढे कर्जाचे हप्ते आणि खलाशांचे पगार असतात. शिवाय एका राज्याने नौका बांधून ठेवल्या आणि शेजारच्या राज्याच्या नौका १ ऑगस्टलाच समुद्रात उतरल्या, तर वाचलेली मासळी कोणाच्या जाळ्यात जाईल, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही.