धातुदूषित जमिनींत तगणारीं गवतें

पिकास जस्त व तांबें ह्या धातूंचा अत्यल्प अंश लागतो, हें बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. जस्त कमी पडल्यास भाताच्या पानांवर तांबूस ठिपके येतात व रोप खुंटतें. परंतु तेच धातु जमिनींत प्रमाणाबाहेर सांचले म्हणजे अन्नाचें विष होतें. पहिला आघात मुळांवर होतो. त्यांची वाढ थांबते आणि रोप उभ्याउभ्या वाळतें. असें असतां कांहीं रानगवतें अशाच जमिनींत सुखानें वाढतात. हें कसें घडतें, याचा विचार शेतकऱ्यानें अवश्य करावा.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतांत तांबें, शिसें व जस्त यांच्या पुष्कळ जुन्या खाणी आहेत. खाणी बंद पडल्या, पण टाकाऊ मातीचे ढीग तसेच राहिले. त्यांवर बहुतेक वनस्पति जगत नाहींत. तथापि ऍग्रॉस्टिस नांवाचें कुरणांतील एक साधें गवत तेथें आढळतें. अँथनी ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९५२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, खाणीवरील हें गवत शिसें व जस्त सहन करतें. साध्या कुरणांतील त्याच जातीचें गवत मात्र करीत नाहीं. अशा परीक्षेची रीत सोपी आहे. फुटवे एकदा साध्या व एकदा धातुमिश्रित द्रावणांत ठेवून मुळ्यांची लांबी मोजतात. हा गुण बियांतून संततींत उतरतो. मात्र जें गवत तांबें सोसतें, तें जस्तही सोसेलच असें नाहीं.

येथें कोणी असें समजूं नये कीं, गवतास हळूहळू विषाची संवय लागली. कुरणांतील साधें बीं तांब्याच्या ढिगावर पेरलें तर हजारों रोपांतून फारच थोडीं वांचतात, व तीं मूळचींच सोशीक असतात. शेतकरी जसा निवडक कणसें बियाण्यास राखतो, तशी ही निवड जमीनच करते. फरक इतकाच कीं, नापसंत रोप ती जिवंत ठेवीत नाहीं. त्यामुळें हें काम त्वरेनें होतें. लिव्हरपूलजवळ प्रेस्कॉट येथें तांबें शुद्ध करण्याच्या कारखान्याभोंवतीं अवघ्या ७० वर्षांच्या आंत सोशीक गवत तयार झालें. चांगल्या कुरणांत मात्र हीं गवतें पसरत नाहींत, कारण तेथें तीं साध्या गवताच्या चढाओढींत मागें पडतात.

धातु सोसण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. कांहीं वनस्पति धातु मुळांतच अडवून ठेवतात. कांहीं तो पानांत नेऊन पेशींतील पोकळींत निरुपद्रवी रूपानें सांठवितात. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका झाडाचा चीक निळसर हिरवा असतो. तो वाळविल्यास त्याच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा निकेल भरतें.

ह्या ज्ञानाचा उपयोगही झाला आहे. तांब्याच्या ढिगांसाठीं ‘पॅरिस’, तर शिसें-जस्ताच्या ढिगांसाठीं ‘गोगिनान’ व ‘मर्लिन’ अशीं गवताचीं वाणें निवडण्यांत आलीं. मात्र खाणीची माती नत्र व स्फुरद यांनाही पारखी असल्यामुळें नुसतें बीं पेरून भागत नाहीं. खत द्यावेंच लागतें.

यांतून शेतकऱ्यानें एक गोष्ट मनांत बाळगावी: हिरवेपणा ही शुद्धतेची खूण नव्हे. जपानांत तोयामा येथें जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकत असे. त्या पाण्यांतून खाणीचें कॅडमियम शेतांत आलें व तेथील तांदूळ खाणाऱ्या अनेक स्त्रियांचीं हाडें ठिसूळ झालीं. ह्या रोगाचें कारण कॅडमियम असल्याचें तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. म्हणून ज्यांच्या शेतास कारखान्याचें अथवा शहराचें सांडपाणी मिळतें, त्यांनीं माती व पीक दोन्हीं तपासून घ्यावींत. तपासणी होईपर्यंत तेथें पालेभाजी करूं नये व तेथील गवतावर गुरें सोडूं नयेत. आम्ल जमिनींत चुना घातल्यास जस्त व कॅडमियम पिकांत कमी जातात. परंतु शेणखताप्रमाणें धातु कुजून नाहींसा होत नाहीं. एकदां आलेला धातु पिढ्यान्‌पिढ्या राहतो. तेव्हां दूषित पाणी बांधाबाहेरच अडविणें हाच खरा उपाय होय.