वळणावरची शिवण

सरळ शिवण ज्याला साधली त्याला वळणाचीही आपोआप साधेल, असा आपला एक समज असतो. उशीचा अभ्रा किंवा पडद्याची दुमड दोन-चार दिवसांच्या सरावाने सफाईदार होते. परंतु गोलाकार कापलेले दोन तुकडे एकमेकांना जोडण्याची वेळ आली की तोच हात थबकतो. एका तुकड्याची कड बाहेर फुगलेली, दुसऱ्याची आत गेलेली. एकमेकांवर ठेवले तर ते मध्यावर तेवढे टेकतात आणि दोन्ही टोकांना दूर पळतात. हे दोन तुकडे एकत्र येऊन सपाट कापड तयार होईल, यावर प्रथमदर्शनी विश्वासच बसत नाही.

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी शिवणयंत्राशी नव्याने मैत्री केली आणि पहिलीच गोधडी वळणाच्या शिवणीची करायला घेतली. त्याला कारण घरातलेच आहे. माझ्या आईने शिवलेली गोधडी आता इतकी विरली आहे की ती धुण्याचेही धाडस होत नाही. आईच्या तीन सुती साड्या मात्र कपाटात आहेत. त्यांतून नातीसाठी नवी गोधडी करावी असे ठरले, तेव्हा नातीने एकच अट घातली : तिच्यावर चंद्र हवेत. चंद्र म्हणजे वर्तुळ आणि वर्तुळ म्हणजे वळणाची शिवण. या साड्या बाजारात पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. म्हणून त्यांना कात्री लावण्यापूर्वी ही विद्या पुरती समजून घेणे आवश्यक होते. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

गोधडीची वाट आणि वळणाची वाट

आपल्याकडील गोधडीत वळणे फारशी नसतात. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, वर चौकोनी वा त्रिकोणी तुकडे लावायचे आणि धावदोऱ्याने सर्व थर एकत्र बांधायचे, ही आपली रीत. गोल आकार हवाच असेल तर तो कापून, कड आत दुमडून खालच्या कापडावर हातशिलाईने बसवतात. ओडिशातील पिपली गावचे काम याच पद्धतीचे. त्यात गोल तुकडा कापडाच्या वर बसतो.

तुकड्याला तुकडा जोडून एकसंध कापड तयार करणे ही निराळी पद्धत. तिची वळणदार रूपे विशेषेकरून अमेरिकेतील गोधड्यांत बहरली. एका चौकोनाच्या कोपऱ्यात पाव वर्तुळ बसवायचे आणि असे चौकोन निरनिराळ्या दिशांनी फिरवून मांडायचे, हा तेथील एक जुना नमुना. चौकोन फिरवून मांडले की नागमोडी, लडखडणारी वाट दिसते, म्हणून त्याला तेथे ‘दारुड्याची वाट’ असे नाव पडले. गंमत अशी की १८७४ साली स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या दारूविरोधी स्त्रीसंघटनेच्या चळवळीशी याच नमुन्याच्या निळ्या-पांढऱ्या गोधड्यांचे नाते सांगितले जाते. मद्यपानाची गणना व्यसनांत करणाऱ्या आपल्या घरांना तो हेतू सहज पटेल.

त्याच पाव वर्तुळाचे चार चौकोन, वर्तुळाचे कोपरे मध्यभागी येतील असे जुळवले, तर वाटेऐवजी पूर्ण चंद्र उगवतो. नातीची गोधडी याच मांडणीची आहे.

जमाखर्चातील तफावत

या शिवणीचे सारे रहस्य एका हिशेबात आहे आणि व्यापारी घरांतील वाचकांना तो चटकन समजेल.

समजा, तयार चौकोन ६ इंचांचा आहे आणि त्यातील पाव वर्तुळाची त्रिज्या ४ इंच आहे. ज्या रेषेवर टीप पडणार तिची लांबी ६.२८ इंच. दोन्ही तुकड्यांवर ही रेषा तेवढीच आहे. परंतु आपल्याला दिसते ती टिपेची रेषा नव्हे; दिसते ती कापलेली कड. शिवणीसाठी दोन्हीकडे पाव इंच, म्हणजे दोन सूत मार्जिन सोडलेले असते. फुगीर तुकड्याचे मार्जिन वर्तुळाच्या बाहेर जाते, म्हणून त्याच्या कडेची त्रिज्या सव्वाचार इंच आणि लांबी ६.६८ इंच होते. पोकळ तुकड्याचे मार्जिन वर्तुळाच्या आत येते, म्हणून त्याच्या कडेची त्रिज्या पावणेचार इंच आणि लांबी ५.८९ इंच. फरक पाऊण इंचाहून किंचित अधिक. नवशिक्याला घाबरवतो तो हाच फरक.

रोकडवहीतील बँकेची शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक एखाद्या दिवशी जुळत नाही, म्हणून कोणी जाणता व्यापारी घाबरत नाही. दिलेला धनादेश वटायचा आहे, भरलेला जमा व्हायचा आहे, हे तो जाणतो आणि जुळवणी पत्रक करून दोन्ही आकडे एका रेषेवर आणतो. येथेही तफावत केवळ मार्जिनमध्ये आहे. टिपेच्या रेषेवर दोन्ही बाजू समसमान आहेत. कडेला कड जुळवण्याचा हट्ट धरला तर हिशेब कधीच लागणार नाही.

याच हिशेबातून आणखी एक उपयुक्त गोष्ट कळते. त्रिज्या कितीही घेतली तरी पाव वर्तुळाच्या दोन कडांतील हा फरक तेवढाच राहतो. २ इंच त्रिज्येच्या वळणात टिपेची रेषा अवघी ३.१४ इंच, म्हणजे फरक २५ टक्के. ४ इंचांत तो साडेबारा टक्के आणि ६ इंचांत, जेथे रेषा ९.४२ इंच असते, सुमारे ८ टक्के. वळण लहान तितकी अडचण मोठी. म्हणून प्रथम सरावाला ६ इंच त्रिज्येचे वळण घ्यावे, हात बसला की ४ इंचांवर यावे आणि २ इंचांच्या वाटेला घाईने जाऊ नये.

एका चौकोनातून पाव वर्तुळ कापून तोच तुकडा त्याच जागी परत का शिवता येत नाही, याचेही उत्तर येथेच आहे. कापून निघालेल्या तुकड्याला मार्जिनच उरत नाही. दोन्ही आकारांचे साचे स्वतंत्र करावे लागतात.

साचा, कापड आणि कापणी

साचे जाड पुठ्ठ्याचे केले तरी चालतात. मात्र वापरून कड झिजली की नवे करावेत. वरील मापांसाठी पाव वर्तुळाच्या साच्याच्या सरळ बाजू साडेचार इंचांच्या येतात. पोकळ तुकड्याचा बाहेरचा चौकोन हिशेबाने साडेसहा इंचांचा. परंतु नवशिक्याने तो पावणेसात इंचांचा कापावा आणि शिवून झाल्यावर छाटून साडेसहावर आणावा. ही पाव इंचाची तरतूद फार उपयोगी पडते.

साच्याच्या सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर ठेवाव्यात. तसे केले की वळणाचा मध्य बरोबर तिरप्या दिशेवर, म्हणजे शिंपी ज्याला क्रॉस म्हणतात त्यावर येतो. विणलेले कापड उभ्या धाग्यावर सर्वांत कमी ताणते आणि तिरपे सर्वांत अधिक. कापड वळू शकते ते या गुणामुळे आणि निष्काळजीपणे हाताळल्यास वेडेवाकडे होते तेही यामुळेच. म्हणून कापण्यापूर्वी कापड धुऊन आटवून घ्यावे आणि त्याला हलकी खळ द्यावी. खळीने तिरपा भाग आवरात राहतो.

३६ इंच लांबी-रुंदीच्या छोट्या गोधडीला असे ३६ चौकोन लागतात. त्यांतून ९ पूर्ण चंद्र होतात. ४४ इंच पन्ह्याचे कापड पार्श्वभूमीसाठी सव्वा मीटर आणि चंद्रांसाठी अर्धा मीटर पुरते. सरावासाठी नवे कापड आणण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी कापडाचा व्यापार आहे त्यांच्याकडे ताग्याची शेवटे आणि कटपीस पडून असतातच. मात्र सुती पॉपलीनच घ्यावे. कृत्रिम धाग्याचे कापड निसटते आणि वळणाला लवकर ऐकत नाही.

जोडणी

दोन्ही तुकडे मध्यावर दुमडून नखाने घडी पाडावी. फुगीर तुकडा सुलट बाजू बाहेर ठेवून आणि पोकळ तुकडा सुलट बाजू आत ठेवून दुमडला तर सुलटीवर सुलट ठेवताना एक घडी दुसरीत अचूक बसते. पोकळ तुकड्याच्या कडेला साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर एकेक सूत खोल बारीक खाचा द्याव्यात. मार्जिन दोन सुतांचे आहे, म्हणून खाच टिपेच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. या खाचा उमलल्या की आखूड कड लांब कडेला सामावून घेते.

पहिली टाचणी मध्यावर, नंतर दोन्ही टोकांना एकेक, मग त्यांच्या मधल्या जागी एकेक. पाच टाचण्या पुरतात. एका टोकापासून टाचत गेल्यास सगळी तफावत दुसऱ्या टोकाशी साचते. टोकांना दोन्ही तुकड्यांच्या सरळ कडा तंतोतंत एकावर एक आल्या पाहिजेत.

मशीनखाली घालताना पोकळ तुकडा वर आणि फुगीर तुकडा खाली ठेवावा. मशीनचे दाते खालच्या थरातील जादा कापड हळूहळू आत ओढून घेतात, त्यामुळे लांब कड खाली असणे सोयीचे. शिवताना दर दोन-तीन टाक्यांनी थांबून, सुई कापडात ठेवून, मशीनचा पाय उचलावा, वरचा थर बोटांनी सपाट करावा, किंचित वळवावे आणि पुढे जावे. टाचणी सुईखाली येण्याआधी काढावी. मोटरच्या मशीनपेक्षा पायमशीन येथे अधिक आज्ञाधारक ठरते.

आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी ही पाश्चात्त्य गोधडी कधी पाहिलेली नव्हती. परंतु तुकडे हाती घेताच म्हणाल्या, ‘‘काकू, हा तर मुंढाच आहे. बाही लावताना आम्ही रोज हेच करतो. तुम्ही फक्त ओढू नका, कापड आपलं आपण वळतं.’’ बाहीचा माथा फुगीर, मुंढा पोकळ, मधोमध आधी टाचायचे आणि मग दोन्ही बाजूंना उतरायचे. आपल्याकडील प्रत्येक शिंप्याला ही विद्या अवगत आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी दूर न जाता जवळच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना अर्धा तास मागावा.

शिवून झाल्यावर इस्त्री घासत नेऊ नये. उचलून ठेवावी, दाबावी, पुन्हा उचलावी. मार्जिन पोकळ तुकड्याकडे वळवावे. फुगीर तुकड्याचे मार्जिन तिकडे सपाट पडते आणि दुसऱ्याच्या खाचा उमलून बसतात. मग चौकोन साडेसहा इंचांवर छाटावा. छाटताना पाव वर्तुळाच्या शेजारच्या दोन्ही कोपऱ्यांपासून शिवणीची टोके सव्वादोन इंचांवर आहेत ना, हे मोजावे. हे माप प्रत्येक चौकोनात राखले तरच चार चौकोनांचे चंद्र अखंड होतात. एका सुताची चूकही कडेवर पायरीसारखी दिसते. आणि चुण्या पडल्या तर टीप उसवण्यात कमीपणा नाही. उसवणी हे अवजार कात्रीइतकेच जवळ असावे. फक्त उसवताना तिरपी कड ताणली जाणार नाही, एवढे पाहावे.

साड्यांचा प्रश्न

जुन्या साडीचे कापड नव्या पॉपलीनसारखे वागत नाही. ते मऊ, विरळ आणि ठिकठिकाणी थकलेले असते. साडी उजेडासमोर धरली की कुठे धागे विरले आहेत ते कळते. तेवढा भाग वगळावा. उरलेल्या भागाखाली पातळ मलमल लावून दोन्ही थर एकत्र कापावेत, म्हणजे खाचा दिल्या तरी कड सुटत नाही. दोन थरांमुळे शिवण जाड होते, म्हणून अशा कापडाला ४ इंचांहून लहान वळण देऊ नये. आतील थरासाठी परदेशात लोकर आणि रेशीमही वापरतात. आपल्या घरांना सुती थरच उचित. आणि जुनी सुती चादर ते काम उत्तम करते.

आजवर कटपिशीचे बारा चौकोन शिवून झाले आहेत. त्यांचे तीन चंद्र उशीच्या अभ्र्यांवर गेले. पहिल्या आणि तिसऱ्या चंद्रातील अंतर कोणालाही दिसेल, आणि ते दिसावे म्हणूनच तिन्ही ठेवले आहेत. पूर्ण गोधडीत वळणाची एकूण शिवण सुमारे १९ फूट भरते. रोज एक चौकोन धरला तर सव्वा महिन्याचे काम. पावसाळी हवेत खळ दिलेले कापड नीट वाळत नाही आणि त्याला कीडही लागते, म्हणून साड्यांची कापणी चातुर्मास संपल्यावर, कोरड्या दिवसांत करण्याचे ठरवले आहे. पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांच्या साडीतून चंद्र होतील, गडद निळीतून आकाश, आणि तिसरी तपकिरी साडी अखंड मागील बाजूला जाईल. आईने ती अखेरपर्यंत नेसली होती. तिला कात्री लावायची नाही, एवढे मात्र घरातील सर्वांनी मिळून ठरवले आहे.