जव्हारला मुक्काम करायचा तर

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत किंवा मुंबईकडून विक्रमगडमार्गे घाट चढून जव्हारला येणाऱ्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी दाभोसा धबधबा, मग शिरपामाळ, जयविलास राजवाडा आणि शेवटी सनसेट पॉइंट. सूर्य बुडाला की गाड्या परतीला लागतात. १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता, हे जव्हारकर अभिमानाने सांगतात. आजच्या पाहुण्याचा तळ मात्र इथे सहसा पडत नाही.

जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेतही निवडून गेले. त्यांच्या काळातला जयविलास काजूच्या झाडीत, उंचावर उभा आहे. लोक तो पाहतात, फोटो काढतात, निघतात. पण असा वाडा दर पावसाळ्यानंतर पैसे मागतो. गळणारे छप्पर, ओल धरलेल्या भिंती, लाकडात शिरलेली वाळवी यांचा खर्च तासाभराच्या फेरफटक्यातून निघत नाही. रात्री राहणारा पाहुणा तो भार थोडा तरी उचलतो.

पणजीत हे घडलेले दिसते. १८४३ मध्ये पोर्तुगिजांनी राजधानी पणजीला आणली आणि शहर वाढत गेले. त्या शहराच्या फोंतेइन्हास भागात, ३१ जानेवारी रस्त्यावरच्या एका जुन्या घरात ‘पंजिम इन’ सुरू झाले. उंच छताच्या खोल्या, खांबांचे जुने पलंग, झाडांच्या सावलीतली वरची गॅलरी, आणि खाली तीच अरुंद गल्ली. पुढे जवळच्याच एका हिंदू घराचे ‘पंजिम पौसादा’ झाले. त्याचा आतला चौक तसाच राखला आहे. पणजीसारख्या छोट्या शहरात एका घराने वाट दाखवली की शेजारचे घरही पाडण्याआधी मालक दोनदा विचार करतो. हा परिणाम सर्वांत मोलाचा.

सावंतवाडीची तऱ्हा निराळी. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकात गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, मरू घातलेली कला राजवाड्यातच कारागीर बसवून जगवली. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने. आता राजवाड्याच्या आवारात मोजक्या खोल्यांचे हॉटेल आहे आणि त्याची सजावटही गंजिफाचीच. इथे उतरणाऱ्याला रंगाचा कुंचला हातात धरलेला चित्रकार प्रत्यक्ष पाहता येतो.

केंद्र सरकारच्या नियमांत १९५० पूर्वीचे वाडे, हवेल्या, शिकारखाने यांना ‘हेरिटेज हॉटेल’ म्हणून मान्यता मिळू शकते. संस्थानकाळातला जयविलास वयाच्या अटीत सहज बसतो. घरगुती निवास-न्याहारी योजनेची अट याहून सुंदर आहे: भाड्याच्या खोल्या जास्तीत जास्त सहा, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे.

ही दुसरी अट जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावांना फार सोयीची. इथल्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीचा लेप. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली चौक लिहिला जातो. सकाळी चुलीवर नागलीची भाकरी फुगते, सोबत उडदाची आमटी. या घरांना वारसा म्हणून कुणी नोंदवत नाही आणि दरवर्षी त्यांतली काही सिमेंट-पत्र्याखाली जातात. घरच्यांना पक्के घर हवे असेल तर तो त्यांचा हक्कच आहे; पण जुन्या घरातून चार पैसे मिळाले तर निदान निवड त्यांच्या हातात राहील. पैसे मात्र थेट त्या घरातच जायला हवेत, मुंबईच्या दलालाकडे नव्हे.

अडचण पाण्याची आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबवर चालतात. त्या दिवसांत पाहुण्याच्या आंघोळीची बादली कुणाच्या तरी डोक्यावरूनच येणार. म्हणून इथल्या घरांनी पाहुणे घ्यावेत ते पावसाळ्यापासून फार तर जानेवारीपर्यंत, आणि पहिल्या कमाईतून पागोळ्यांचे पाणी साठवायची टाकी बांधावी.